मापाची चोळी

आमच्या घरात मापाची चोळी एकच होती. ती माझ्या मोठ्या बहिणीची, जिजीची. गर्द जांभळ्या खणाची, बाह्यांना पिवळा काठ, आणि इतक्या वेळा शिंप्याकडे जाऊन आलेली की तिला खडूचा वास कायमचा लागला होता. माय ती लाकडी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवायची. दिवाळी आली किंवा घरात लग्न निघालं की चोपड्याजवळच्या आमच्या गावात शिंपीनाना यायचे आणि ओट्यावर बसायचे. माय दाराआडून ती चोळी बाहेर सरकवायची आणि आतूनच सांगायची. स्वतःची शिवायची असेल तर एक बोट ढिली, काकूची असेल तर आहे तेवढीच, माझी असेल तर दोन बोटं ढिली. नाना मान खाली घालून ऐकायचे आणि खडूनं कापडावर रेघ ओढायचे. आमच्या घरातल्या एकाही बाईकडे त्यांनी कधी वर मान करून पाहिलं नसेल. गावात त्यांना फार मान होता, तो या मान खाली घालण्यामुळेच.

जिजी अंगानं काडीसारखी होती, आजही आहे. तिच्या चोळीवरून घरातल्या साऱ्या बायकांच्या चोळ्या निघायच्या आणि जिला ती बसायची नाही तिनं स्वतःला चोळीत बसवून घ्यायचं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की नाना माझंच माप का घेत नाहीत. माय चुलीपुढे कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. जित्या माणसाचं अंग दोऱ्यानं मोजत नसतात, ती म्हणाली, मोजतात ते मेल्यावर, तिरडीचे बांबू तोडायला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि तो विषय माझ्यापुरता पुढची दहा वर्षं संपला.

गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा मी चांगली मोठी झाले होते, त्यामुळे सगळंच उशिरा झालं. सातवीची फायनल पास होऊन धुळ्याला बायकांच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा मला एकोणिसावं सरत आलं होतं. आमच्या भावकीत त्या वयाची बिनलग्नाची मुलगी दुसरी नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाकुणाची बोलणी ऐकून मला पाठवलं होतं. त्यांना स्वतःला सही येत नव्हती. केळीच्या बागेत मोट हाकता हाकता ते मला शाळेतल्या कविता म्हणायला लावायचे आणि मी थांबले की बैलही थांबायचे. एक स्थळ मात्र त्यांनी थांबवून ठेवलं होतं. चांगलं बागाईतदार घर होतं आणि आबांनी त्यांना शब्द दिला होता की पोर मास्तरीण झाली तर तिच्या मनासारखं होऊ द्यावं, नापास झाली तर लगेच बस्ता बांधू. मोटारीत बसवताना ते मला एवढंच म्हणाले, "यमू, पास हो. नापास झाली तर मग मना हातमा काही राहत नही."

हे सारं सांगायचं कारण, मी त्या वर्षी नापास होणार होते आणि त्याचं कारण मी कुणालाही सांगू शकत नव्हते.

त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत माझं अंग भरलं होतं. मायसारखाच बांधा, पण माय मला तेव्हा कधी तशी दिसलीच नव्हती. ती नेहमी वाकलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेली. मला वाटायचं, निंदणी-खुरपणी करून बायका अशा वाकतात. जिजीच्या चोळीवर दोन बोटं ढिली करून शिवलेली चोळी आता मला काखेत काचायची, गाठ सुटायची, आणि सुटू नये म्हणून मी खांदे पुढे घेऊन, पोट आत ओढून चालायची. बागेत कामाला येणाऱ्या बायका मोठ्यानं हसायच्या. केळीला घड जड झाला की झाड मोडू नये म्हणून बांबूचा टेकू लावतात. त्यावरून एकदा एकजण आबा जवळ उभे असताना म्हणाली, "हाई केळले बी टेकू लावा वं कोनी." आबांनी ऐकलं. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला आणि विहिरीकडे निघून गेले. त्यानंतर मी बागेत गेलेच नाही, आणि त्यांनीही मला कधी बोलावलं नाही. कविता म्हणणं तिथंच थांबलं. या एका गोष्टीचं मला बाकी सगळ्या त्रासाहून जास्त वाईट वाटत आलं आहे.

धुळ्याचं आमचं वसतिगृह पांझरा नदीच्या अलीकडे एका जुन्या बंगल्यात होतं. पहाटे जिनिंगचा भोंगा वाजायचा आणि त्यामागोमाग कुमुदबाईंची शिट्टी. कुमुदबाई आमच्या कवायतीच्या बाई. उंच, काटक, शब्द तोलून बोलणाऱ्या. पटांगणात आम्ही बावीसजणी पांढऱ्या पोलक्यात, नऊवारीचा कासोटा घट्ट मारून रांगेत उभ्या राहायचो आणि त्या ओरडायच्या, "खांदे मागे, छाती पुढे." बाकीच्या एकवीसजणींना तो हुकूम होता. मला ती शिक्षा होती. मी खांदे मागे घेतले की पोलक्याचं वरचं बटण उडायचं. नाही घेतले की बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. मग पळणं, मग जागच्या जागी उड्या, मग लेझीम. लेझीमला मी दोन्ही हात छातीशी धरून ठेवायची आणि ताल चुकायचा. एका मैत्रिणीनं हसत हसत माझी नक्कल केली तेव्हा सगळ्याजणी खो खो हसल्या. मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

आज माझी नात जळगावच्या दुकानात जाते, काउंटरवरच्या मुलीला आकडा आणि एक अक्षर सांगते, पाच-सहा घालून पाहते आणि एकही बसत नाही म्हणून कुरकुरत परत येते. मी तिला म्हणते, अगं, तुला निदान कुरकुरता येतं. आम्हाला त्या वस्तूचं नाव तोंडातून काढता येत नव्हतं. शहरातल्या मुली तिला बॉडी म्हणायच्या, तेही कानात.

मी नाव न घेता काय काय केलं, ते आठवलं तर आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. पहिल्यांदा मी आबांच्या जुन्या पागोट्याची पट्टी फाडली आणि अंगाभोवती सात-आठ वेढे घेऊन करकचून बांधली. दिसायला ते बरं दिसायचं. पण बरगड्या आवळल्या जायच्या, श्वास अर्ध्यातच अडायचा, उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळं उठून त्याची जखम व्हायची आणि रात्री पट्टी सोडताना कातडी निघायची. दिवाळीला जिजीच्या सासरी जळगावला गेले तेव्हा धीर करून तिला सांगितलं. ती बिचारी मला बाजारात घेऊन गेली. एका कापडाच्या दुकानात मुंबईहून आलेल्या तयार बॉड्या मिळतात असं तिनं ऐकलं होतं. गादीवर शेठ, समोर दोन गिऱ्हाइकं, दोघं पुरुष. जिजीनं पदराआडून काय हवं ते सांगितलं. शेठ भला माणूस, त्यानं मुळीच लाज न बाळगता पुठ्ठ्याचा खोका काढला, त्यातल्या बॉड्या एकेक करून पांढऱ्या गादीवर मांडल्या आणि विचारलं, "कुणासाठी?" जिजीनं माझ्याकडे पाहिलं. त्या दोन गिऱ्हाइकांनीही पाहिलं. शेठनं माझ्याकडे एकदा बघून, अगदी सहानुभूतीनं, खोका बंद केला आणि म्हणाला, "एवढ्यात येत नाही ताई." आम्ही बाहेर आलो. जिजी म्हणाली, भजी खाऊया. मी भजी खाल्ली आणि ती घशाखाली उतरेपर्यंत रडले नाही.

दुसरा उपाय कमलचा. कमल माझ्या खोलीत होती, साक्रीकडची, सगळ्या गोष्टींवर तिच्याकडे तोड असायची. ती म्हणाली, माप कागदावर लिहून शिंप्याला पाठवू, तू जायलाच नको. आमच्याकडे टेप नव्हता. चित्रकलेची लाकडी फूटपट्टी होती. दार लावून कमलनं ती सरळ फूटपट्टी माझ्याभोवती टेकवत टेकवत माप घेतलं, बेरीज केली, पुन्हा केली, आणि दोन्ही वेळा वेगळी आली. तिनं मधला आकडा लिहिला. शहरातल्या त्या शिंप्यानं चिठ्ठी वाचून निरोप दिला की एवढ्या आकड्यावर भागत नाही, मापाची चोळी पाठवा. माझ्याजवळ होती ती दोन बोटं ढिलीवाली. ती पाठवली. तिच्यावरून शिवून आलं त्याच्या बाहीत माझा दंडसुद्धा गेला नाही. कमलला हसू आवरेना आणि मला रडू. मग तीही रडली.

परीक्षा जवळ आली तसं मला दुसरं काही सुचेनासं झालं. पाठ घेणं मला आवडायचं, गणित चांगलं होतं. पण कवायतीत नापास झालेलीला सर्टिफिकेट मिळत नसे. तपासनीसबाई यायच्या होत्या आणि त्यांच्यापुढे प्रत्येकीनं पळून, उड्या मारून, शेवटी रांगेपुढे येऊन स्वतः कवायत घेऊन दाखवायची होती. शिक्षिका व्हायचं तर रोज सकाळी हेच करायचं, हे मला कळत होतं. नुसती पास होऊनही सुटका नव्हती. मी देवळात जाऊन नवस बोलले. बाकीच्या मुली गुणांसाठी बोलत होत्या. मी काय मागितलं ते इथं लिहिताना अजून संकोच वाटतो. हे अंग कापून घे, एवढंच मी म्हणाले होते. नंतर एका संध्याकाळी पांझरेच्या पुलावर मी एकटीच बराच वेळ उभी राहिले. पाणी गुडघाभर होतं. तेवढ्यात कुणाला काही होत नाही, हे दिसत होतं म्हणून परत फिरले, याहून शहाणं कारण माझ्याजवळ नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मी पटांगणात पडले. त्या दिवशी पट्टी नेहमीपेक्षा घट्ट होती, कारण उड्यांचा सराव होता. डोळ्यांपुढे आधी पिवळं झालं, मग काळं. शुद्धीवर आले तेव्हा कुमुदबाईंच्या खोलीत होते, अंगावर चादर होती आणि पागोट्याची पट्टी घडी करून उशाशी ठेवलेली होती. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी उठून बसले तरी त्या वळल्या नाहीत. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "टांगास्टँडच्या मागं खोगीरवाल्यांची आळी आहे. तिथं बायकांचं शिवते त्या खालाचं घर विचारायचं. मी पाठवलं म्हणून सांगायचं." मग थोड्या वेळानं, "ही पट्टी पुन्हा बांधलीस तर मी तुला मैदानावर उभी करणार नाही."

मी गेले नाही. अनोळखी आळी, अनोळखी बाई, आणि तिच्यापुढे उघडं व्हायचं, हे मला मरणाहून कठीण वाटलं. मी आजारी आहे असं सांगून खोलीत पडून राहिले. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. वसतिगृहाच्या अक्कांनी घरी पत्र टाकलं की मुलीची तब्येत बरी नाही, परीक्षेला बसेल असं वाटत नाही, घेऊन जावं.

मला वाटलं आबा येतील. आली माय. चोपड्याच्या पलीकडे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. त्या धुरानं वाटभर ओकत, काळ्या तोंडानं ती फाटकात उभी राहिली. एका हातात केळीच्या पानात बांधलेल्या पुरणाच्या पोळ्या, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी तिच्या गळ्यात पडले तेव्हा तिच्या अंगाला धुराचा आणि कडुनिंबाचा वास येत होता. पिशवीत मापाची चोळी होती. जिजीनं तिला जळगावहून निरोप पाठवला होता, अर्धवट, कुणाला कळू नये असा. मायला त्यातून एवढंच कळलं होतं की पोरीला चोळी लागते, आणि चोळी लागते म्हणजे मापाची चोळी लागते. म्हणून ती पेटीतून काढून, धुरात बसून, जपून घेऊन आली होती. ती चोळी पाहिली आणि माझा सगळा धीर सुटला. मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, जखमा, शेठ, पूल, कुमुदबाईंनी सांगितलेली खाला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "चाल. ती बाई कथी शे?"

खोगीरवाल्यांची आळी दुपारच्या वेळी नुसती ठोकाठोक होती. चामड्याचा, भुश्शाचा वास. दारोदार टांग्यांच्या घोड्यांची खोगिरं, बैलांचे पट्टे टांगलेले. खालाचा नवरा ओट्यावर दाभणानं खोगीर शिवत होता. आम्हाला पाहून त्यानं आत आवाज दिला आणि स्वतः उठून आळीच्या टोकाला जाऊन बसला. खाला, म्हणजे मावशी, साठीच्या पुढची, नाकात मोठी नथनी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आम्ही कोण, कुठल्या, तिनं काही विचारलं नाही. बाईंचं नाव सांगताच दाराला पडदा ओढला. माझ्या खांद्यावरचे आणि बरगड्यांवरचे वळ बघून ती जिभेनं च् च् करत राहिली. मग मायकडे वळून म्हणाली, "हे कुणी बांधलं?"  मी म्हटलं, मीच.

तिच्या घरात टेप नव्हता. भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर सुताचे दोरे लोंबत होते. प्रत्येक दोऱ्याला ठिकठिकाणी गाठी आणि टोकाला एक मणी किंवा रंगीत चिंधी. कुणाचंही नाव लिहिलेलं नव्हतं. धुळ्यातल्या किती बायका त्या भिंतीवर होत्या कोण जाणे. तिनं नवा दोरा तोडला तेव्हा माय पुढे झाली आणि तिचा हात धरला. जित्या माणसाला दोरा लावायचा नाही, ती म्हणाली, चोळी आणली आहे, हिच्यावरून शिव. आणि तिनं पिशवीतून जिजीची चोळी काढून पुढे केली.

खालानं ती चोळी हातात घेतली, उलटीपालटी केली, माझ्याकडे बघितलं.

"ही कुणाची?"

"मोठीची."

"आणि घालणार ही?"

मायनं चोळी परत मांडीवर घेतली. खाला रागावली नाही. तिनं ओट्यावरचं अर्धं शिवलेलं खोगीर आत ओढून आणलं आणि मायपुढे ठेवलं. "हे बघ बहन. माझा आदमी एका घोड्याचं खोगीर दुसऱ्याला देत नाही. जनावराच्या पाठीला जखम होते. ही तर तुझी बेटी आहे." मग तिनं खोगिराखालचा रुंद पट्टा ताणून दाखवला. बोजा वरच्या दोरीवर टाकला की दोरी मांसात घुसते, ती म्हणाली, बोजा खालच्या पट्ट्यानं उचलायचा, वरची दोरी नुसती जागेवर धरायला. मला एकदम आमची बाग दिसली. घड जड झाला म्हणून आबांनी केळीला कधी वरून बांधलं नव्हतं. टेकू खालून लावायचे. हे मी लहानपणापासून बघत होते. ज्या बाईनं मला हसून टेकू लावायला सांगितलं तिनं एका परीनं खरं तेच सांगितलं होतं.

मायनं तो पट्टा स्वतः ओढून पाहिला. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि मान हलवली. खालानं मला दोरा लावला. चार ठिकाणी चार गाठी मारल्या, प्रत्येक गाठीच्या वेळी म्हणत होती, श्वास घे, थांबवू नको, घे. मी कित्येक महिन्यांनी पूर्ण श्वास घेत होते.

त्या वर्षी कापड मिळत नव्हतं. वाट्या, ती त्यांना कटोऱ्या म्हणायची, तिरक्या कापायला तिच्याजवळ मांजरपाटाचं जाडं सुती कापड होतं. पण खालच्या पट्ट्याला न ताणणारं, दमदार कापड हवं होतं आणि ते तिच्या घरात नव्हतं. तिनं मायच्या मांडीवरच्या चोळीकडे बघितलं. जुना खण, दुहेरी शिवलेला, वर्षानुवर्षं पेटीत राहून कुठंही न विरलेला. मायनं तिची नजर ओळखली. पंधरा वर्षं घरातल्या बायकांची मापं त्या एका चोळीत होती. माय म्हणाली, "काप."

कात्रीचा आवाज मला अजून आठवतो. पहिल्यांदा तो अडखळला, कारण शिवण जाड होती.

खाला पट्टा कापत असताना माय हळूच उठली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. पाठमोरी, वाकलेली. खाला मान वर न करता म्हणाली, "आणि तू किती सालांपासून अशी झुकून चालतेस?"  माय वळली. तिनं दोन्ही खांद्यांवरचा पदर खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचे खांदे पाहिले. दोन्हींवर, चोळीच्या शिवणीखाली, बोट मावेल असे खड्डे होते, जुने, काळे पडलेले. ती म्हणाली, "मनं बी मोज."

खालानं दुसरा दोरा तोडला. मोजून झाल्यावर दोन्ही दोरे तिनं उजेडात एकाशेजारी एक धरले. गाठीला गाठ लागली, चारही. मधे अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. मायनं ते दोरे स्वतःच्या हातात घेतले, पुन्हा लावून पाहिले, आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मनं दुखनं मी तुले दिन्हं," ती म्हणाली. "आन् बोलनू बी नही."

मी तिला म्हटलं, तुझीही शिवून घेऊ. ती नको म्हणाली. आता माझं काय राहिलंय, गावात बायका काय म्हणतील, मोजलं तेवढं पुष्कळ झालं. खालानं आग्रह केला नाही. तिनं मायचा दोरा माझ्या दोऱ्याशेजारी खुंटीला लावला आणि त्याच्या टोकाला जांभळ्या खणाची एक चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी माय गॅसच्या मोटारीत बसून परत गेली, वाकूनच.

चार दिवसांनी बॉडी मिळाली. ती दिसायला अगदी बेढब होती, मांजरपाटाच्या पांढऱ्यावर जांभळा पट्टा, पाठीला तीन बंद. मी ती घालून खोलीत उभी राहिले आणि कमल म्हणाली, उडी मार. मी मारली. ती म्हणाली, पुन्हा मार. आम्ही दोघी खालच्या मजल्यावरच्या अक्का ओरडेपर्यंत उड्या मारत होतो. तरी परीक्षेची सकाळ सोपी गेली नाही. दीड वर्ष वाकलेली पाठ चार दिवसांत सरळ होत नाही, मध्ये मध्ये खांदे आपोआप पुढे यायचे. लेझमीत माझा ताल एकदा चुकलाच. पण तपासनीसबाईंनी मला रांगेपुढे बोलावलं तेव्हा मी बाविसाव्या जागेवरून पळत गेले, हात मोकळे सोडून, आणि बाकीच्या एकवीसजणींना मोठ्यानं म्हणाले, खांदे मागे, छाती पुढे. कुमुदबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच दिसलं की त्यांचं लिहिणं थांबलं होतं.

मी पास झाले. शेवटून पाचवी, पण पास. पुढे नोकरी करता करता मी बाहेरून बी. ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि लोक त्याबद्दल आबांचं आणि कुमुदबाईंचं नाव घेतात. ते खरंच आहे. पण मी मनात एक नाव आणखी घेते, आणि ते नाव मला पूर्ण माहीतही नाही. सगळे तिला खालाच म्हणायचे.

गावी निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. बरोबर आबांच्या पागोट्याची ती पट्टी नेली होती, धुऊन, स्वच्छ करून. जांभळ्या चिंधीचा दोरा खुंटीवर होता. खालानं त्या दोऱ्यावरून, आणि खालच्या पट्ट्याला पागोट्याचं कापड चौपदरी करून, मायची बॉडी शिवून दिली.

घरी गेल्यावर मी ती मायच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात, मापाच्या चोळीच्या जागी ठेवली.   दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आबा बागेतून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. केळीचं पान मांडलेलं होतं, भरीत आणि कळण्याची भाकरी होती. माय स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून उभी राहिली. आबांचा घास हातातच राहिला. ते तिच्याकडे खालून वर बघत राहिले. तीस वर्षांच्या संसारात काय बदललंय ते त्यांना कळेना.

"आज तू उंच कशी दिसी राह्यनी?" त्यांनी विचारलं.

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर एकाच खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली,

"पोर पास व्हयनी ना, म्हनीसन."